गाडी चांगली आहे, पण

"गाडी चांगली आहे," ठोंबरेकाका जीपखालून म्हणाले. "पण."

अप्पा झाडाखाली पोत्यावर बसले होते. ते लगेच उभे राहिले आणि धोतराला लागलेली माती झटकायला लागले. पुढचं ऐकायची त्यांना काही गरजच वाटत नव्हती.

"पण काय?" मी विचारलं.

मला काकांचे फक्त पाय दिसत होते. वरचे काका जीपखाली होते आणि तिथून खोकत होते.

"चेसीला, सांगाड्यालाच वाक आहे."

"काय सांगता ठोंबरे?" जीपचा मालक खवळला. बार्शीच्या मोंढ्यातला बियाण्यांचा व्यापारी तो, लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप त्याने नव्या नवरीसारखी धुऊनपुसून उभी केली होती. "वाक तुमच्या नजरेत असंल. ह्या जीपनं रणगाडे ओढलेत."

"म्हणूनच वाकली," काका म्हणाले आणि सरपटत बाहेर आले.

त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. बार्शीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी ठोंबरेकाकांना न्यायचा. त्यांचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा, पण जीव सगळा मोटारींत. घरामागच्या आवारात त्यांच्या स्वतःच्या तीन मोटारी होत्या. त्यातली एकही चालत नव्हती आणि एकीत कोंबड्या अंडी घालायच्या. कुणी टोमणा मारला की काका म्हणायचे, "चालणारी गाडी कुणीही सांभाळील. न चालणारी सांभाळायला माणूस लागतो." चौथी स्पीकर वाहायची व्हॅन होती, तिच्यावर मी गाडी शिकले. वरात अडली तरी चालेल पण गिअर खरवडायचा नाही, असा त्यांचा दंडक. त्यांची मतं सगळ्या गावाला पाठ होती. गाडी बघण्याआधी मालकाच्या चपला बघाव्यात, टाचा झिजलेल्या असतील तर क्लचही गेलेला असतो. ज्याच्या घराचं फाटक कुरकुरतं त्यानं गाडीचं ऑइल कधी बदललेलं नसतं. आणि नव्याकोऱ्या गाडीत काही राम नाही, कारण तिला काही सांगायचंच नसतं.

अप्पा आणि ते शाळेपासूनचे दोस्त. अप्पांची डाळ मिल, चार माणसांत उठबस, बोलणं मोजकं. काकांचं नेमकं उलट. माइकवर "हॅलो, हॅलो" करून करून त्यांना साधं "पाणी द्या"सुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायची सवय लागली होती.

आणि मी, गिरिजा उंबरजे, नुकतीच परभणीहून जनावरांची डॉक्टर होऊन आले होते. हातात नोकरीची ऑर्डर होती. नगर जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरात गुरांचा दवाखाना, आसपासच्या वाड्या-वस्त्या सगळ्या माझ्याकडे. महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा बाईनं बैल तपासायचा म्हणजे बैलापेक्षा मालक जास्त बुजायचा. पण मला ते काम हवं होतं. लहानपणापासून दुसरं काही हवंच नव्हतं.

अप्पांनी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, "एसटीची वाट बघत डोंगरात उभं राहायचं नाही. गाडी घेऊन देतो, मग जा. मात्र ठोंबरे हो म्हणाला पाहिजे."

अट ऐकून मी हरखले होते. काकांचं माझ्यावर पोटच्या पोरीसारखं प्रेम. मला वाटलं, आठवड्यात गाडी दारात.

जीपनंतर नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांची पिस्ता रंगाची गाडी बघितली. इतकी निगुतीनं ठेवलेली की आतल्या सीटवर घरी विणलेले रुमाल होते. काका तिच्याभोवती फिरले, बॉनेटला कान लावला, डोळे मिटले.

"गाडी चांगली आहे. पण हिला एका माणसाच्या हाताची सवय झालीय. दुसऱ्याच्या घरी नांदायची नाही."

"काका, ती गाडी आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय."

मग माढ्याच्या वकिलांची पांढरी. तिची काच खाली होत नाही म्हणाले. मी काच खाली करून दाखवली. मग म्हणाले, "आत्ता झाली. पावसात होणार नाही." तिच्यानंतरची कुर्डुवाडीची निळी. तिचा हॉर्न त्यांना रडका वाटला. "डोंगरात असा हॉर्न वाजवलास तर लोक सांत्वनाला येतील."

प्रत्येक वेळी अप्पा मान हलवायचे, "ठोंबरे म्हणतो म्हणजे असणारच काहीतरी," म्हणायचे आणि घरी येऊन जेवताना एक भाकरी जास्त खायचे.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," अव्वा म्हणाली. माझी आई. चुलीपुढे बसून तिला सगळं दिसायचं, पण ती सांगायची अर्धंच. "अगं, गाडी बघताय का नवरा?"

"नवरा असता तर कधीच ठरला असता."

"ठरला असता?" अव्वा हसली. "तुझी तरी किती स्थळं ठरली गं?"

ते मात्र खरं होतं. आमच्याकडे स्थळ नाकारायची एक रीत होती. सगळ्याच घरांत असते, पण अप्पांनी ती फार वर नेली होती. मुलगा पसंत नसला तरी तसं सांगायचं नाही, माणूस दुखावतो. पत्रिका मठातल्या शास्त्रीबुवांकडे द्यायची. देताना अप्पा नुसते घसा खाकरायचे. मग बुवा पंचांग उघडून, बोटं मोजून, अगदी हळहळून सांगायचे, "मुलगा चांगला आहे, पण गुण जुळत नाहीत." मुलाकडचे समाधानानं जायचे, अप्पा त्यांना फाटकापर्यंत सोडायचे. साप मरायचा, काठी मोडायची नाही. परभणीला शिकत असताना माझी अशी पाच-सहा स्थळं बुवांनी परत पाठवली, आणि मी दर वेळी मनात बुवांना नमस्कार केला.

ते आठवून मी त्या संध्याकाळी हसले. पुढचं काही सुचलं नाही. जनावराचा रोग ओळखायला शिकले होते, घरातला ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं.

महिना संपत आला तेव्हा मीच एक गाडी शोधून काढली. सोलापूरला डॅनियल मास्तर म्हणून एक गृहस्थ होते, गिरणीत विणकाम खात्यात होते, आता निवृत्त. मुलगी नागपूरला, तिच्याकडे राहायला निघाले होते. त्यांच्याकडची गाडी सगळ्या सोलापुरात एकटीच असावी. जर्मन, पाठ गोल, डोळे बटबटीत. गल्लीतली पोरं तिला कासव म्हणायची.

आम्ही तिघं एसटीनं गेलो. मास्तरांनी गाडी पेरूच्या झाडाखाली उभी केली होती. काकांनी ती बघितली आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी जन्मात पहिल्यांदा त्यांना गप्प बघत होते.

अप्पांनी पुढचं बॉनेट उचललं आणि आत वाकले. आत एक जादा चाक आणि मास्तरांची छत्री.

"मास्तर," अप्पा चाचरत म्हणाले, "इंजिन काढून ठेवलंय काय?"

"मागे आहे शेठ, मागे," मास्तर हसून म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ह्या वाहनाचं डोकंच ठिकाणावर नाही. मग त्यांना मास्तरीणबाईंनी ओसरीवर चहाला नेलं, आणि मी, काका आणि मास्तर गाडी घेऊन होटगी रस्त्यानं फिरून आलो. मी चालवली. काय गाडी होती. बारीक होती, घट्ट होती, आणि चढाला लागली की कण्हत नव्हती, गुणगुणत होती. काका मागच्या सीटवर बसले होते, इंजिनाच्या अगदी जवळ, आणि डोळे मिटून नुसतं ऐकत होते. परत आल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि मास्तरांना विचारलं, "विकताय कशाला हो हिला?" मास्तर चष्मा पुसत राहिले.

मला वाटलं, झालं. आता "पण" कुठून आणतील?

निकाल काकांनी मास्तरांसमोर दिला नाही. सोलापूरच्या स्टँडवर कँटीनमध्ये बसलो, तिथे दिला. अप्पांनी घसा खाकरला आणि विचारलं, "मग काय म्हणतोस ठोंबरे?"

काकांनी बशीत चहा ओतला. बराच वेळ फुंकत बसले. मग माझ्याकडे पाहिलं. अप्पांकडे नाही, माझ्याकडे.

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "पण रेडिएटर गळतोय."

"बघ," अप्पा मला म्हणाले. "तरी मला वाटलंच."

मी कप तसाच धरून बसले. रेडिएटर म्हणजे इंजिन थंड ठेवायची पाण्याची टाकी, बॉनेट उघडलं की समोर दिसते ती. पण त्या गाडीचं इंजिन हवेवर थंड होतं. तिला पाणी लागत नाही, तिला रेडिएटर नसतोच. हे मला कुणी सांगितलं होतं? ठोंबरेकाकांनीच. त्यांच्या आवारात, त्यांच्या उकळून बंद पडलेल्या गाडीशेजारी उभं राहून, अर्धा तास व्याख्यान देऊन. जगात शहाणा माणूस एकच झाला, ज्यानं गाडीतलं पाणी काढून टाकलं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे नसलेली वस्तू गळत होती.

ह्या माणसाकडून अशी चूक? शक्यच नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बशी तोंडाला लावलेली, वरून दोन डोळे माझ्यावर. आणि अप्पांचं ते खाकरणं माझ्या कानात तेव्हा कुठे शिरलं. शास्त्रीबुवा. गुण जुळत नाहीत.

जीपचा वाक, रडका हॉर्न, पावसात न उतरणारी काच. चार गाड्यांच्या पत्रिका नाकारल्या होत्या त्या गाड्यांसाठी नव्हे. अप्पांना मला पाठवायचंच नव्हतं. आणि माझ्या तोंडावर नाही म्हणायची त्यांची छाती होत नव्हती.

राग आला. असा आला की वाटलं इथंच, सगळ्या स्टँडसमोर म्हणावं, अप्पा, त्या गाडीला रेडिएटर नाही आणि तुमच्या मनात मी जावं असं नाही. शब्द अगदी ओठावर होते. अप्पा तेव्हा माझ्यासाठी आणलेला वडा कागदातून काढत होते. त्यावरची तिखट मिरची त्यांनी बाजूला काढली, मला लहानपणी तिखट चालायचं नाही म्हणून. मला परभणीत सहा वर्षं मेसचं खाऊन जाळही चालला असता, पण त्यांच्या लेखी मी अजून तीच होते.

मी कप खाली ठेवला.

"काका," मी म्हटलं, "रेडिएटर दुरुस्त होतो ना?"

काकांनी बशी खाली ठेवली. "होतो की. न होण्यासारखं त्यात काहीच नाही."

"तुम्हाला येतो?"

"माझ्याइतका ह्या गाडीचा रेडिएटर कुणाला जमणार नाही."

"आणि तेवढा सोडला तर?"

"तेवढा सोडला," काका म्हणाले, आणि सवयीनं आवाज इतका चढला की पलीकडच्या टेबलावरचा कंडक्टर वळून बघायला लागला, "तेवढा सोडला तर सिद्धाप्पा, ह्या गाडीत नाव ठेवायला जागा नाही. मी देवाची शपथ घेऊन सांगतो."

अप्पा दोस्ताकडे बघत राहिले. दगा झालाय हे त्यांना कळलं असावं, पण नेमका कुठे ते सापडत नव्हतं. ठोंबरे हो म्हणाला पाहिजे ही अट त्यांनीच घातली होती.

"बघू," ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी आपण होऊन सांगितलं, जा, घेऊन या. काका आणि मी गाडी बार्शीला आणून त्यांच्या आवारात लावली. करायचं काहीच नव्हतं. ऑइल बदललं, काचा पुसल्या, आणि स्पीकर लावून गाणी ऐकत बसलो.

"काका, तुम्ही असं का केलंत?" मी विचारलं.

"कसं?"

"आधी चार गाड्या खोट्या पाडल्या. मग ही."

काका कोंबडीला दाणे टाकत होते. "तुझा बाप म्हणाला, ठोंबरे, तू नाही म्हण, माझ्यानं होत नाही. पन्नास वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं गं. म्हटलं, म्हणतो. त्या चार म्हणजे पत्र्याचे डबे होते, पाप लागत नव्हतं. पण हिला खोटं नाव ठेवायचं?" त्यांनी कासवाकडे बोट केलं. "जीभ रेटेना. आणि तू चालवत होतीस तेव्हा मधेच डोळे उघडले, तर आरशात तुझं तोंड दिसलं मला. मग म्हटलं, दोष तर दिला पाहिजे, शब्द दिलाय. पण असा देऊ, की ज्याला कळायचं त्याला कळेल."

इतक्यात फाटक वाजलं. अप्पा येत होते.

काका उठले ते असे, की मांडीवरची परात उडाली. कोंबड्यांच्या गाडीतून त्यांनी जुना रेडिएटर उपसून काढला, दोन कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या. तो बाकावर आडवा टाकला, बर्नर पेटवून डाग द्यायची सळई त्यावर धरली आणि अप्पा पोचले तेव्हा कपाळाला आठ्या घालून कथिल वितळवत होते.

"फार गळतोय काय?" अप्पांनी विचारलं.

"फार म्हणजे? चाळण झालीय."

अप्पांनी मंडपाची एक खुर्ची ओढली आणि बसले. त्यांच्या धोतराला कोंबडीचं पीस चिकटलं ते मी काढलं. ते ती दुपारभर तिथेच बसले. मिलमधून दोनदा बोलावणं आलं, ते गेले नाहीत. काका बिचारे नसलेलं भोक शोधून शोधून बुजवत होते आणि अप्पा बोट दाखवून सांगत होते, "तिथं राहिलं बघ. अजून थोडं लाव. घाई नको करू ठोंबरे. सावकाश होऊ दे." काकांना घामानं अंघोळ झाली. मी वळून हसू दाबत होते. मला वाटत होतं, काय फसवलंय अप्पांना.

निघायच्या दिवशी सकाळी कासव आमच्या दारात उभं होतं. अव्वानं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. इंजिन मागे आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग तिकडेही दोन बोटं लावते, रुसायला नको." पुढच्या डिकीत तिनं भाकऱ्या, शेंगाचटणी आणि माझी पुस्तकं कोंबली. काका सोबत येणार होते आणि मला पोचवून एसटीनं परतणार होते. ते आधीच डाव्या सीटवर जाऊन बसले होते.

अप्पा सगळ्यात शेवटी बाहेर आले. खिडकीपाशी उभे राहिले.

"डॅनियल मास्तरांना फोन केला होता मी," ते म्हणाले.

शेजारी काका एकदम ताठ झाले.

"कशाला अप्पा?"

"म्हटलं, भला माणूस असून गळका माल विकता म्हणजे काय? जरा सुनवावं." अप्पा गाडीच्या टपाकडे बघत होते. "ते हसायलाच लागले. म्हणाले, शेठ, ह्या गाडीला रेडिएटर नसतोच."

काकांनी मान खाली घातली.

"कधी केला होता फोन?"

"सोलापूरहून आलो त्याच दिवशी. मिलमधून."

म्हणजे गाडी आणायला सांगितलं त्याच्या आधी. म्हणजे खुर्ची ओढून बसले, अजून थोडं लाव म्हणाले, सावकाश होऊ दे म्हणाले, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मास्तर, तुम्हाला माहीत नसेल. होता. गळत होता." अप्पांनी घसा खाकरला, पण ह्या वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. "आता आमचा ठोंबरे दुरुस्त करून देणार आहे."

अव्वानं पदर डोळ्यांना लावला आणि धूर गेला म्हणाली. धूर कुठेच नव्हता.

"निघा आता," अप्पा म्हणाले. "उन्हं चढायच्या आत नगर गाठा. आणि गिरिजा, बैलाच्या मागं उभी राहत जाऊ नको."

माझं दार नीट लागलं नव्हतं. त्यांनी ते उघडलं, आणि पुन्हा लावलं. जोरात, पक्कं.